करगोट्याला राहिलेली किल्ली

मित्रांनो, मी सतरा नंबरच्या खोलीची पितळी किल्ली. वय विचाराल तर नव्वदीच्या आसपास. उघडायला आता मला दार राहिलेलं नाही. खोली आहे, तिचं लाकडी दारही तेच आहे, पण कुलपाच्या जागी लाकडाची गोल चकती ठोकून भोक बुजवून टाकलं आहे. ते माझ्यामुळेच बुजवावं लागलं. नुसतं भोकच बुजलं असतं तर मी तुम्हांला बोलावून जवळ बसवलं नसतं. माझ्यापायी एका मुलीचं नाव खराब झालं आणि ते धुऊन निघायला सत्त्याहत्तर वर्षं गेली. मी कुठे गेले हे तेव्हा फक्त तिघांना ठाऊक होतं. त्यातला शिपाई हजारो मैल लांब होता, मुलीला सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि मला तर तोंडच नव्हतं. आता बोलून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणते. तरी ऐका.

माझा जन्म जपानातला. ओकायामा शहराजवळ एक जुनं गाव आहे. गावाच्या मधून कालवा जातो, काठावर पाण्यावर वाकलेली झाडं आहेत आणि मागे पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची जुनी गोदामं. एके काळी त्यांत भात आणि कापूस भरलेला असायचा. आता लोक ते सगळं बघायला येतात, होडीत बसतात, फोटो काढतात. या कालव्याच्या काठी, एका दगडी पुलासमोर, दुमजली हॉटेल बांधलं गेलं तेव्हा गावातल्या ओतारीबाबाने आम्हा किल्ल्यांना घडवलं. मला ओतून झाल्यावर त्याने कानशीने माझे दात घासले, मुठीवर पाच पाकळ्यांचं फूल काढलं आणि त्याखाली सतरा हा आकडा कोरला. चार नंबरची किल्ली आमच्यात नव्हतीच. त्यांच्या भाषेत चारचा उच्चार मरणासारखा होतो, म्हणून तो आकडा त्या लोकांना चालत नाही. सतरावर मात्र कुणाचा आक्षेप नव्हता, म्हणून मी स्वतःला फार शुभ समजत असे. किती मूर्ख होते मी!

आम्हा प्रत्येकीला तळहाताएवढी लाकडी पाटी बांधलेली होती. तिच्यावर हॉटेलचं नाव, गावाचं नाव आणि खोलीचा आकडा. पाटी एवढी मोठी ठेवण्याचं कारण साधं होतं. पाहुण्याने किल्ली खिशात टाकावी आणि तसाच निघून जावं, असं होऊ नये. मित्रांनो, ही पाटी लक्षात ठेवा, कारण पुढे तिनेच घात केला.

काउंटरच्या मागे एक फळी होती आणि फळीवर ओळीने खुंट्या. दिवसभर खोल्या उघडायच्या, पाहुणे बाहेर पडले की खुंटीवर येऊन लटकायचं, असं आमचं आयुष्य. रोज सकाळी चियो नावाची मुलगी आम्हांला एकेक करून खाली काढी, फलालीनच्या तुकड्याने पुसे आणि पुन्हा ज्या त्या खुंटीला अडकवी. ती खोल्या आवरायच्या कामावर होती. चादरींचं कपाटही तिच्याच ताब्यात असे. माझ्या फुलाच्या पाकळ्यांमध्ये मळ साचायचा, तो ती काडीने काढायची. इतर किल्ल्यांना एवढं कोडकौतुक मिळत नसे, कारण त्यांची फुलं माझ्याइतकी खोल कोरलेली नव्हती. मी त्यामुळे जरा चढूनच गेले होते.

मग महायुद्ध झालं. जपान हरला आणि जिंकलेल्यांच्या फौजा गावोगावी येऊन राहिल्या. त्यांत आपल्याकडच्या पलटणीही होत्या. आमचं हॉटेल साहेबलोकांसाठी घेतलं गेलं आणि सतरा नंबरला एक साहेब उतरला. त्याचा अर्दली होता जोतीराम. इस्लामपूरजवळच्या, कृष्णाकाठच्या गावचा, उंच, अबोल, पंचवीस वर्षांचा गडी. साहेबाचे बूट चमकवायचे, कपडे काढून ठेवायचे, खोलीची किल्ली सांभाळायची, ही त्याची कामं. रोज सकाळी तो काउंटरपाशी मला घ्यायला यायचा. चियो वाकून नमस्कार करायची आणि तो खाडकन सलाम ठोकायचा. तिला कुणीच कधी सलाम केला नव्हता. ती तोंडावर हात धरून हसायची. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती, त्यामुळे ओळख तेवढ्यावरच राहिली.

एकदा साहेबानेच मला न्हाणीघरात कुठेतरी टाकलं आणि आळ घातला जोतीरामवर. अर्धा दिवस शोधून जोतीरामने मला हुडकून काढलं, पण पुन्हा किल्ली हरवली तर तुझी खैर नाही, असं साहेबाने बजावलं. मग जोतीरामने तेच केलं जे त्याच्या गावचा कुठलाही माणूस करील. त्याचा बाप घरातल्या पेटीची किल्ली कमरेच्या काळ्या दोऱ्याला, करगोट्याला बांधत असे. अंगावरून करगोटा काही हरवत नाही. जोतीरामने मला सदऱ्याखाली करगोट्याला बांधून टाकलं. लाकडी पाटी मात्र पोटाला टोचायला लागली. ती त्याने सोडली आणि कोपऱ्यावरच्या चादरींच्या कपाटात, घड्यांच्या खाली सरकवली. जायच्या दिवशी परत बांधू, असा त्याचा विचार.

तो सदरा वर धरून गाठ मारत होता, त्याच वेळी चियो चादरी घेऊन आली. तिने बघितलं. एका मोठ्या माणसाच्या कमरेला दोरा आणि दोऱ्याला सतरा नंबरची किल्ली! तिने हातातल्या चादरींमध्ये तोंड लपवलं आणि हसत हसत पळून गेली. जोतीराम लाजून लाल झाला. इतकंच झालं. पाटी कुठे सरकवली ते तिने पाहिलं नव्हतं.

पुढे १९४७ साली एका सकाळी हुकूम आला आणि दुपारी पलटण निघालीसुद्धा. साहेबाच्या तीन पेट्या, गादी, बूट, टोप्या, या सगळ्या गडबडीत जोतीरामला श्वास घ्यायला सवड नव्हती. दोन्ही हातांत सामान होतं म्हणून त्या दिवशी त्याला सलामही करता आला नाही. त्याने नुसती मान हलवली. चियो दारात उभी होती. मी सदऱ्याखाली होते आणि माझी खुंटी रिकामी होती, हे तिच्या आधी मला कळलं.

बोटीवर तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना त्याचा हात माझ्यावर पडला. तो तसाच ओल्या अंगाने हवालदाराकडे धावला.

"एक किल्ली हाय. त्येला काय विचारायचं? टाक समुद्रात," हवालदार म्हणाला.

"न्हाई टाकवत, हवालदारसाहेब. दुसऱ्याच्या दाराची हाय."

अशी मी कृष्णाकाठी आले. घरी पहिल्याच दिवशी, न्हाणीत पाणी ओतताना, हरणाबाईने मला पाहिलं. ती जोतीरामची बायको. लग्नानंतर चार महिन्यांत तो पलटणीत गेला होता आणि पाच वर्षं ती वाट बघत बसली होती.

"आवं, कुणाच्या खोलीची किल्ली ही?"

"साहेबाच्या."

"साहेबाच्या खोलीची किल्ली तुमच्या कमरंला कशापायी?"

जोतीरामने सगळं सांगितलं. ते तिला काही पटेना. "तिकडं बिऱ्हाड केलं असंल तर सांगून टाका. मी काय रडत न्हाई," असं म्हणाली आणि तीन दिवस रडली. तिने मला काढून उकिरड्यावर टाकावं, असं मलाही वाटलं, कारण मी घरात आल्यापासून त्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी जोतीराम तिला घेऊन शाळेतल्या मास्तरांकडे गेला आणि त्याने इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. मास्तर लिहीत होते, जोतीराम सांगत होता आणि हरणाबाई उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. तो म्हणाला, "लिवा, किल्ली माज्याकडं हाय. आन लिवा, तिथं एक पोरगी किल्ल्या पुसती, तिला म्हनावं हुडकत बसू नगो." हे ऐकून तिचा राग गेला. पण पत्त्याच्या जागी मास्तरांची लेखणी थांबली. पत्ता पाटीवर होता आणि पाटी कपाटात राहिली होती. जोतीरामला गावाचं नाव नीट उच्चारताही येत नव्हतं. मास्तरांनी अंदाजाने काहीतरी लिहिलं. चार महिन्यांनी पत्र शिक्के खाऊन मुंबईहून परत आलं. दुसरंही आलं. तिसरं त्याने लिहिलं नाही.

"परत देईस्तवर अंगावरनं काढायची न्हाई," असं मात्र त्याने ठरवलं. त्याने मला पस्तीस-छत्तीस वर्षं कमरेला वागवलं. त्याच्याबरोबर मी उसाला पाणी पाजलं, गुऱ्हाळावर चिपाडं ओढली. घामाने माझं पितळ हिरवं पडलं, घासून दातांची धार गेली. दर दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला हरणाबाई नवा करगोटा आणी आणि स्वतःच्या हाताने मला त्याला बांधी. बांधताना चिडवी, "तुमच्या जपानच्या पावनीला ओवाळायचं ऱ्हायलं की!" तो हसायचा. मीही हसले असते, पण त्या प्रत्येक दिवाळीला मला माझी रिकामी खुंटी आठवायची.

१९८३ साली जोतीराम गेला. शेवटची अंघोळ घालताना करगोटा कापला आणि मी त्याच्या मुलाच्या, आकारामच्या हातात पडले. आदल्या दिवशीच बापाने त्याला सांगितलं होतं, "ज्याची हाय त्येला दे." आकाराम तेव्हा पलटणीत होता. त्याने मला डोळ्यांना लावलं, लोखंडी पेटीत कागदपत्रांबरोबर ठेवलं आणि बघता बघता विसरून गेला. आता त्याला दोष देऊन काय करू? माणसांना कामं असतात. पुढे पेटी रिकामी झाली तेव्हा मी खिडकीत आले. मग माझ्या दांड्याने कुणी डब्याची झाकणं उचकटली, तर पापणीला रांजणवाडी आली की मला तळव्यावर घासून गरम करून डोळ्याला लावलं. ज्या हातांनी मला काडीने साफ केलं ते हात मी आठवायचे आणि गप्प पडून राहायचे.

आकारामची मुलगी रेश्मा पुण्यात जपानी भाषा शिकली आणि तिथल्याच एका कंपनीत दुभाषी म्हणून लागली. २०१८च्या दिवाळीत घरी आली असताना तिने मला खिडकीतून उचललं आणि फूल बघून थबकली. आजोबांची गोष्ट तिला माहीत होती. कालवा, पांढऱ्या भिंती, दगडी पूल, एवढ्यावरून तिने गाव शोधलं, तिथल्या जुन्या हॉटेलला माझा फोटो पाठवला. आठच दिवसांत उत्तर आलं. असंच फूल असलेल्या बाकीच्या किल्ल्या अजून फळीवर आहेत आणि सतरा नंबरची खुंटी तेवढी रिकामी आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं, झालं, आता संपलं सगळं!

रेश्माने जानेवारीची तिकिटं काढली. आणि नेमकी त्याच आठवड्यात उसाला तोड आली. कारखान्याची टोळी दारात उभी राहिली की शेतकऱ्याने हलायचं नसतं. पाळी चुकली तर ऊस उन्हात वाळत उभा राहतो, पुन्हा टोळी कधी येईल याचा नेम नाही.

"तात्या, तिकिटं काढलीत मी," रेश्मा म्हणाली.

"किल्ली कुठं पळून जातीय व्हय? सत्तर वर्सं ऱ्हायली, आनि चार म्हैनं ऱ्हाईल," आकाराम म्हणाला.

चार महिन्यांनंतर लग्नसराई आली. मग कृष्णेला पूर आला, घरात गळ्याइतकं पाणी चढलं आणि मी खिडकीत दहा दिवस गाळात पडून होते. मग कोरोना. मग आकारामच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने पहिली मला मागितली. खुर्चीत बसून कितीतरी वेळ मला हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, "रेश्मे, आता तोड आली तरी थांबायचं न्हाई."

२०२४च्या नोव्हेंबरात, ऊस रानात उभा ठेवून, चुलतभावावर सोपवून, बापलेक निघाले. आकारामने मला पाकिटात ठेवू दिलं नाही. "आबानं जशी आनली तशीच न्ह्यायची," म्हणून त्याने मला आपल्याच करगोट्याला बांधलं. मुंबईच्या विमानतळावर यंत्र ओरडलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला सदरा वर करावा लागला, तेव्हा तपासणारा शिपाई हसला आणि साताऱ्याकडचा निघाला. "सोडा रं ह्यांना, आमच्याकडचीच पद्धत हाय," असं तो बाकीच्यांना म्हणाला.

हॉटेलात पोचलो ती दुपारची वेळ होती. तोच जिना, त्याच्या कठड्याचं पितळ तसंच घासलेलं. फक्त पाहुण्यांना आता पत्त्यासारखं एक कार्ड देतात. ते दाराला टेकवलं की दार उघडतं. रेश्माने सतरा नंबरचीच खोली मागून घेतली होती. दारापाशी आकाराम थांबला. बुजवलेल्या भोकावर त्याने अंगठा फिरवला. मग करगोट्याची गाठ सोडून मला बाहेर काढलं आणि त्या लाकडी चकतीवर टेकवून धरलं. किती वेळ धरलं कुणास ठाऊक. मी कुठे शिरणार होते? पलीकडे आत माझी जागा होती आणि मधे बोटभर लाकूड.

"चल तात्या, खाली मॅनेजर वाट बघतायत," रेश्मा म्हणाली.

खाली दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं. त्यात जुनी भांडी, जुने फोटो, आणि एका कोपऱ्यात माझी पाटी! लाकूड काळं पडलं होतं, पण आकडा दिसत होता. शेजारी चिठ्ठी होती. रेश्माने वाचली, 'हरवलेल्या किल्लीची पाटी, १९४७.' मॅनेजर साठीकडे झुकलेला, फार अदबीचा माणूस होता. त्याने त्या सालची हॉटेलची जुनी वही काढून ठेवली होती. वाचण्याआधी तो जरा घुटमळला. त्याने वाचलं ते रेश्मा हळूहळू सांगत गेली.

"सतरा नंबरची किल्ली सापडत नाही. पाटी चादरींच्या कपाटात घड्यांखाली लपवलेली सापडली. किल्ली पाटीवरून मुद्दाम सोडलेली दिसते. कपाट चियोच्या ताब्यात. किल्ली कोणाला दिली असं विचारलं असता काही सांगत नाही. कुलूप काढून टाकलं. चियोला कामावरून कमी केलं."

"आबाला ह्ये ठावं न्हवतं गं," आकाराम म्हणाला. "त्येला वाटलं, नुसती हुडकत बसली आसंल." मग त्याने विचारलं, "हाय का ती?"

ती नव्हती. तिची धाकटी बहीण फुमी मात्र गावातच राहत होती. मॅनेजरने निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीच तिच्याकडे गेलो. सत्त्याऐंशी वर्षांची, वाळकी, ताठ बसणारी बाई. आकारामने मला दोन्ही हातांवर ठेवून तिच्यासमोर धरलं. तिने मला उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि एवढंच बोलली.

"एवढी लहान?"

मला तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगाची लाज वाटली.

मग फुमी बोलू लागली आणि रेश्मा आम्हांला सांगत राहिली. चियोला गावातल्या प्रत्येकाने विचारलं होतं, किल्ली कुणाला दिलीस? शिपायांना खोलीत घेण्यासाठी तिने किल्ली दिली, असं लोक बोलायला लागले. ठरलेलं लग्न मोडलं. मग ती सूतगिरणीत लागली आणि तिथेच म्हातारी झाली. लग्न तिने केलंच नाही. हॉटेलासमोरच्या दगडी पुलावर तिने पुन्हा पाय ठेवला नाही. बाजाराला जायचं तरी लांबच्या पुलावरून वळसा घालून जायची, आणि तिच्याबरोबर घरातली सगळी माणसं तसंच जाऊ लागली. फुमीसुद्धा, लहान असल्यापासून आजपर्यंत.

"ताईला माहीत होतं," फुमी म्हणाली. "शेवटच्या दिवसांत मला तिने सांगितलं. त्या शिपायाच्या कमरेच्या दोऱ्याला तिने किल्ली बघितली होती. पण हे सांगायचं कसं? परक्या माणसाची कमर तुला कशी दिसली, असं विचारलं असतं. म्हणून गप्प बसली. तो चांगला माणूस आहे, पाठवून देईल, असं तिला वाटायचं. तिने वाट बघितली."

मित्रांनो, हरणाबाईलाही हाच संशय आला होता. पण तिच्यासमोर सांगणारा माणूस उभा होता, म्हणून तो चार दिवसांत फिटला. चियोचं सांगणारं कुणी नव्हतं. मी असायला हवी होते, आणि मी उसाच्या रानात होते.

"कधी गेल्या त्या?" आकारामने विचारलं.

"दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये."

आकारामचा चेहरा उतरला. त्याने बोटांवर महिने मोजले नाहीत, मोजायची गरजच नव्हती. "त्येच्या आदी आपली तिकिटं व्हती," तो रेश्माला म्हणाला. "जानेवारीची." मग म्हणाला, "त्यांना सांग ह्ये."

"कशाला तात्या? आता त्यांना अजून त्रास."

"न्हाई, सांग. म्हनावं, ती व्हती तवा मी येनार हुतो. ऊस तोडायचा हुता म्हनून न्हाई आलो."

रेश्माने सांगितलं. फुमीने अगदी साधेपणाने, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "त्या वर्षी पीक चांगलं आलं का?"

आकारामने पंच्यात तोंड घातलं. त्याला मी बाप गेल्यावरही असा रडताना पाहिलं नव्हतं.

आम्ही परत निघालो तेव्हा फुमी काठी घेऊन बरोबर निघाली. दगडी पुलापाशी ती थांबली. होडीतले प्रवासी फोटो काढत होते, झाडांची पिवळी पानं पाण्यात पडत होती. मी तिच्या मुठीत होते. तिची मूठ घट्ट झाली आणि ती पूल चढली. आकाराम एक पाऊल मागे राहून चालला, मोठ्या माणसामागे चालावं तसा.

हॉटेलात मॅनेजरने मला पाटीशेजारी काचेत ठेवायची तयारी करून ठेवली होती. नवी चिठ्ठीही छापली होती, 'भारतीय सैनिकाने परत पाठवलेली किल्ली.' रेश्माने ती वाचून दाखवल्यावर आकारामने मान हलवली.

"असं न्हाई चालायचं. तिची चूक न्हवती, ह्ये लिवा. तिचं नाव घालून लिवा."

मॅनेजर अवघडला. वरच्या कचेरीला विचारावं लागेल, म्हणाला. कुणाला कामावरून काढल्याच्या गोष्टी आम्ही पाहुण्यांसमोर मांडत नाही, म्हणाला.

"मग किल्ली माज्यासंगं माघारी येनार," आकाराम म्हणाला. "सांग त्येला, रेश्मे. पयल्या डावाला चुकून आली, दुसऱ्या डावाला मी हातानं न्हेईन."

परत उसाच्या रानात जायचं? मॅनेजरने आकारामकडे बघितलं, मग फुमीकडे. ती कुणाकडेच बघत नव्हती. काउंटरमागच्या फळीकडे तिची नजर होती. मॅनेजर तिच्यासमोर गेला आणि कमरेत वाकला. फार वेळ वाकून राहिला. फुमीने त्याला उलट नमस्कार केला नाही. मग त्याने छापलेली चिठ्ठी फाडली आणि टेबलापाशी बसून स्वतःच्या हाताने, चियोचं नाव घालून, दुसरी लिहिली. खाली रेश्माने तेच मराठीत लिहिलं, 'ही किल्ली जोतीराम नावाच्या शिपायाच्या करगोट्याला चुकून राहिली. चियोने ती कुणालाही दिली नव्हती.'

फुमीने मला काचेत ठेवू दिलं नाही. ती काउंटरच्या मागे गेली आणि टाचा उंचावून तिने मला सतरा नंबरच्या खुंटीला अडकवलं. हात पुरेना, तेव्हा आकाराम पुढे झाला. पण तिने त्याला हातानेच थांबवलं आणि तिसऱ्या खेपेला जमवलं.

तर मित्रांनो, मी आता खुंटीवर आहे. लोक म्हणतात, किल्ली घरी पोचली, छान झालं. मला तसं वाटत नाही. जिच्या हातात जायचं होतं ती पाच वर्षांपूर्वीच गेली. तुमच्या घरात, एखाद्या कपाटात, खिडकीत, दुसऱ्याची एखादी वस्तू चुकून येऊन पडली असेल. एखादं पुस्तक, एखादी छत्री, एखादा डबा. ती नव्हती म्हणून तिकडे कुणाला बोलणी बसली असतील, हे तुम्हांला इथे बसून कळणार नाही. आजच उठा आणि नेऊन द्या. उद्या तुमच्याकडेही तोड येईल.

फुमी महिन्यातून एकदा येते. काउंटरपाशी उभी राहते, फलालीनचा तुकडा मागून घेते आणि मला पुसते. पाकळ्यांमधला मळ काडीने काढते. मग काठी टेकत दगडी पुलावरून घरी जाते.